सगळ्यांची नाडी ७२ कशी?

वह्या मिटा. आज कटिस्नानाचं प्रात्यक्षिक होणार नाही. आधी या केसपेपरांचा निकाल लागू दे.

काल उपचार कक्ष बंद झाल्यावर तुम्ही भरलेले सगळे कागद मी घरी नेले. नाडी ७२. रक्तदाब १२०/८०. श्वसन १८. जीभ स्वच्छ. दुसरा कागद काढला, नाडी ७२. तिसरा काढला, तेच. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांची ७२, अंगात रक्त कमी असलेल्या त्या कॉलेजातल्या मुलीची ७२, जिना चढून धापा टाकत आलेल्या बाईंचीही ७२. हे होऊ शकत नाही, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही मनगटावर बोटं ठेवलीच नाहीत. पुस्तकात सामान्य म्हणून छापलेले आकडे उतरवून काढलेत आणि खाली सह्या ठोकल्यात. याला पाट्या टाकणं म्हणतात. पेशंटच्या बाबतीत पाट्या टाकणं हा आळस नाही, अपराध आहे.

त्या आजोबांची नाडी सकाळी मी स्वतः पाहिली होती. ती एकसारखी चालत नाही. दोन ठोके लागोपाठ पडतात, मग एक चुकतो, मग पुन्हा घाई. त्यांच्या हृदयावर इलाज चालू आहेत आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी ते रोज घेतात. अशा माणसाच्या मांड्या-पोटऱ्या जोरजोरात रगडल्या तर त्वचेखाली रक्त साकळून काळेनिळे डाग उठतात. मालीशच्या टेबलावर त्यांना कोण घेणार होतं? बोटं फक्त एक मिनिट, घड्याळाकडे बघत, मनगटावर ठेवली असती तर ठोके चुकतायत हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मग तुम्ही गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं असतं. विचारलं असतं तर हात आवरला असता. त्या एका मिनिटाचा कंटाळा केलात आणि पुढचं सगळंच राहून गेलं.

आता कोर्सबद्दल बोलते, कारण रोगाचं मूळ तिथेच आहे. या वर्गात शनिवार-रविवारचा तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करणारे आहेत, वर्षाचा डिप्लोमा करणारे आहेत आणि ॲडव्हान्स डिप्लोमाचेही आहेत. तुम्हा सगळ्यांना वाटतं की हा एकच जिना आहे आणि कोणत्याही पायरीवर उभं राहून गच्चीवरचं दिसतं. दिसत नाही. तीन महिन्यांत तुम्ही स्वतःच्या घरापुरतं शिकता. जेवण कसं असावं, झोप किती, पोटावर मातीची पट्टी कशी ठेवायची, ओल्या फडक्याचा लपेट कसा बांधायचा. ते मोलाचं आहे. घरातली एक बाई हे नीट शिकली तर चार माणसांचं आरोग्य सुधारतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो कोर्स परक्या माणसाचा आजार हाती घेण्यासाठी नाही. डिप्लोमावाल्यांनो, तुम्ही देखरेखीखाली हात चालवणारे सहाय्यक होणार. पाणी किती गरम, पट्टी किती वेळ, पेशंटचा चेहरा कधी उतरला, हे अचूक सांगणारा सहाय्यक मिळणं मुश्कील असतं. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. ॲडव्हान्सच्या मुलांनी केस घ्यायची, उपचारांचा क्रम सुचवायचा, पण शेवटची सही आपली नाही हे विसरायचं नाही.

याच्या वर पदवी आहे. बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी घेणारी मुलं साडेचार वर्षं शिकतात आणि वर वर्षभर इंटर्नशिप करतात. ती शवविच्छेदन करतात, शरीरक्रियाशास्त्र शिकतात, रोगनिदान शिकतात. एवढं शिकलेली मुलगी पोटदुखीच्या पेशंटला आधी दहा प्रश्न विचारते आणि मग पोटाला हात लावते. तुमच्यातले काही जण दारातूनच सांगतात, बद्धकोष्ठता आहे, एनिमा देऊन टाकू.

परवा एका मुलाच्या पाकिटातून व्हिजिटिंग कार्ड खाली पडलं. ते मीच उचललं. नावाआधी 'डॉ.', नावापुढे चार इंग्रजी अक्षरं आणि खाली 'शुगर, बीपी, थायरॉईड कायमचे बरे.' त्याचा कोर्स अजून संपलेलाही नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. नाव घेत नाही, पण तू ऐकतो आहेस. ते कार्ड मी ठेवून घेतलंय. छापखान्यातून उरलेली आणलीस की तीही माझ्याकडे द्यायची.

कायदा समजून घ्या, कारण उद्या पोलीस दारात आले की संस्थेचं प्रमाणपत्र पुढे करून सुटका होणार नाही. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे, १९५६ च्या यूजीसी कायद्याने. एखाद्या खासगी संस्थेने कागदावर कितीही मोठं नाव छापलं तरी ती पदवी होत नाही. महाराष्ट्रात १९६१ पासून वैद्यक व्यवसायींचा कायदा आहे आणि नोंदणी नसताना वैद्यकी करणं त्यात गुन्हा आहे. मधुमेह, कर्करोग, फेफरं, हृदयविकार बरे करणारं औषध म्हणून चूर्ण, काढा, काहीही विकायची जाहिरात केली तर १९५४ चा औषधं आणि जादूटोण्यासारखे उपाय यांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा लागतो. आणि आपल्या शास्त्राची अडचण अशी की २०२० च्या कायद्याने भारतीय वैद्यक पद्धतींसाठी जो राष्ट्रीय आयोग झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आले, निसर्गोपचार आला नाही. देशभर सगळ्यांना बंधनकारक अशी एक चौकट नाही, म्हणून गल्लोगल्ली बोर्ड लागतात. काही जण पैसे घेऊन महिन्याभरात 'थेरपिस्ट' करून देतात. तुमच्या आईबापांनी कर्ज काढून फी भरली आहे, म्हणून हे मला बोलावं लागतंय. बाहेर कोणी नियम पाळत नाही ही सबब इथे चालणार नाही. चौकट नसेल तर आपला आपण जास्त कडक बंदोबस्त करायचा.

आता त्या कार्डवाल्या मुलाच्या शेजारच्या काकूंबद्दल. त्यांना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. याने त्यांना सांगितलं, तीन दिवस फक्त ताक आणि काकडीचा रस घ्या, शरीर शुद्ध होईल. गोळीबद्दल एक अक्षर बोलला नाही, कारण त्याला गोळी काय करते तेच माहीत नव्हतं. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, माणूस जेवो की न जेवो. पोटात अन्न नाही आणि गोळी आपलं काम करतेय, तर रक्तातली साखर खाली खाली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, मुलीला त्या भलत्याच नावाने हाका मारायला लागल्या. मुलीने ग्लुकोमीटर लावला. साखर ७० च्या पुष्कळ खाली. तिने चमच्याने साखरपाणी पाजलं आणि रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं, म्हणून आज काकू घरी आहेत. मुलगी शुद्धीवर नसलेल्या आईशेजारी एकटी असती आणि साखर उतरलीय हे तिला कळलं नसतं तर? या प्रश्नाचं उत्तर तू मला द्यायचं आहेस. आत्ता नको. विचार करून दे.

दुसऱ्या टोकाची चूक याहून वाईट. ज्या मुलांना लहानपणापासून इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही. तिथे कोणी शहाण्याने सुई बंद करायला सांगितली तर दिवस-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद होतो. तिथून माणूस झपाट्याने हाताबाहेर जातो. फेफऱ्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स, यातलं काहीही तुमच्या सांगण्यावरून एक दिवसही थांबता कामा नये. वजन उतरलं, जेवण सुधारलं, चालणं वाढलं आणि साखर खरंच कमी झाली, तर ज्या डॉक्टरांनी गोळी दिली तेच ती कमी करतील. त्या दिवशी तुम्ही पेशंटच्या हातात साखरेची नोंदवही देऊन त्याला त्यांच्याकडे पाठवा. आपलं काम तेवढं आणि तिथवर. ते काम छोटं नाही. गोळी कमी होण्याची वेळ आणणं हे आपल्या हातात असतं, आणि ते मी कितीतरी पेशंटमध्ये पाहिलंय. गोळी काढणं आपल्या हातात नसतं.

गरम पादस्नानाच्या टबाशी मागच्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी उघड बोललं नाही. मी बोलते. पाणी ४० ते ४५ अंशांच्या आत हवं, ही सूचना भिंतीवर लिहिलेली आहे. थर्मामीटर खिळ्याला टांगलेला आहे. तुम्ही किटली रिकामी केलीत, वर थंड पाणी अंदाजाने ओतलंत आणि त्या गृहस्थांना विचारलंत, 'गरम वाटतंय का?' ते म्हणाले, नाही. तुम्ही आणखी गरम ओतलंत. त्यांना गरम वाटणार कसं? पंधरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायांची संवेदना गेलेली आहे. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बोलताबोलता सांगितलं होतं. ते कोणी लिहून घेतलं नाही. रात्री घरी मोजे काढल्यावर त्यांच्या पत्नीला दोन्ही पायांवर पाण्याने भरलेले फोड दिसले. मधुमेह्याच्या पायावरचा फोड म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांनी रविवारी माझ्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या वॉर्डात यावं. बोटं कापलेली माणसं दाखवते.

पायांची संवेदना तपासायला लागतं किती? नायलॉनचा तो दहा ग्रॅमचा बारीक दोरा मी तुम्हाला दाखवला आहे. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, दोरा तळपायावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, कळलं की 'हो' म्हणायला सांगायचं. अंगठ्याखाली, करंगळीखाली, टाचेजवळ. दोन मिनिटं. एका जागी जरी 'हो' आलं नाही तरी गरम पादस्नान रद्द. त्याच्याऐवजी काय द्यायचं ते मला विचारा, मी सांगेन. आणि टबातलं पाणी पेशंटच्या पायाने मोजायचं नाही, थर्मामीटरने मोजायचं. आपल्या शास्त्रात औषध पाणी आहे, आणि पाण्याची मात्रा अंशांत असते. अंदाजाने पाणी ओतणारा माणूस आणि अंदाजाने औषध देणारा माणूस यांत मला फरक दिसत नाही.

हे बोलल्यावर मागच्या वेळी एक जण उठून म्हणाला होता की बाई, गांधीजींनी तर डॉक्टरांची गरजच मानली नाही. नाव घ्यायचं तर पूर्ण माहिती घेऊन घ्यावं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून कुन्हे आणि जस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचून कुन्हेचं कटिस्नान आणि जस्टची मातीची पट्टी स्वतःवर आणि घरच्यांवर करत होते. निसर्गोपचारावर त्यांच्याइतकी श्रद्धा कोणाची नव्हती. तरीही १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या पोटात दुखू लागलं आणि अपेंडिक्स सुजल्याचं ठरलं, तेव्हा त्यांना ससूनमध्ये आणण्यात आलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेले आणि पुढचं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. आपल्याच पुण्यात, आजही चालू असलेल्या रुग्णालयात. गांधीजींनी त्याला संमती दिली होती. आणि हेच गांधीजी पुढे १९४५ साली डॉ. दिनशा मेहता यांच्याबरोबर निसर्गोपचाराचा ट्रस्ट काढतात आणि १९४६ च्या मार्चमध्ये उरुळी कांचनला खेड्यातल्या गरिबांसाठी आश्रम उभा करतात. ज्याच्या पोटातलं दुखणं सर्जनने काढलं, त्यानेच मातीचा आणि पाण्याचा दवाखाना काढला. दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. उजव्या बाजूला खाली पोट दुखतंय, ताप आहे, मळमळ आहे, अशा माणसाला एनिमा द्यायचा नाही, शेक द्यायचा नाही, त्याला गाडीत घालून रुग्णालयात पाठवायचं. हे त्यांना कळत होतं. तुम्हाला कळायला हवं.

उरुळीचं पुढचंही ऐका. गांधीजी तिथे थोडेच दिवस राहिले, त्यांना दिल्लीला जावं लागलं. मागे राहिले मणिभाई देसाई, बीएस्सी झालेला सुरतेकडचा तरुण. त्याने आयुष्य उरुळीलाच द्यायचं कबूल केलं आणि ते पाळलं. आश्रम सांभाळला, शाळा काढली, गाई पाळल्या, पुढे १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली. लोकांचं आरोग्य सुधारायचं तर त्यांच्या घरात दूध आणि शेतात पाणी हवं हे त्याला नुसतं दवाखान्यात बसून कळलं नाही, तो पेशंटच्या घरापर्यंत जात होता म्हणून कळलं. तुम्ही पेशंटच्या मनगटापर्यंतही जात नाही.

दुधीच्या रसाचंही आजच सांगून टाकते. काल एक मुलगी पेशंटला म्हणाली, कडू असेल तर जास्त गुणकारी. नाही. दुधी कडू लागला तर त्यात विषारी द्रव्य वाढलेलं असतं. तो रस घेऊन लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, माणसं दगावली आहेत, आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नये असंच सांगितलं आहे. आधी फोडीचा छोटा तुकडा स्वतः चाखायचा. कडू निघाला तर आख्खा दुधी फेकायचा. नारळपाणी सगळ्यांना चालतं हेही डोक्यातून काढा. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम हृदयापर्यंत नडतं. 'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही' हे वाक्य या इमारतीत मला पुन्हा ऐकू यायला नको. मी ते कोणाच्या तोंडून ऐकलं तर त्या दिवशी त्याला उपचार कक्षात प्रवेश नाही.

इतकं रागावून बोलते, त्याचं कारण ऐका. निसर्गोपचार मी शिकवते ते त्यावर माझा विश्वास आहे म्हणून. व्यवस्थित आहार, उपास, पाणी, माती, ऊन आणि झोप यांनी माणसाचं दुखणं हलतं, त्याचं शरीर त्याला पुन्हा साथ देतं, हे या हातांनी केलंय. लोक या विद्येला हसतात, ते तुमच्यासारख्यांनी काढलेल्या या असल्या कार्डांमुळे. एक फोड आलेला पाय शंभर बऱ्या झालेल्या माणसांची साक्ष पुसून टाकतो. आणि तो पाय बघून डॉक्टर जेव्हा म्हणतात की या लोकांना बंदच करा, तेव्हा त्यांना उलट बोलायला माझ्याकडे तोंड उरत नाही.

सर्टिफिकेटच्या वर्गातल्या एक ताई आहेत, मागच्या बाकावर बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यांच्या गल्लीतला एक मुलगा पोट धरून त्यांच्याकडे आला. सगळे म्हणत होते, मातीची पट्टी ठेवा. त्यांनी विचारलं, दुखणं आधी बेंबीपाशी होतं का, मग उजवीकडे सरकलं का, उडी मारली की जास्त दुखतं का. मुलाने तिन्हीला होकार दिला. ताईंनी त्याच्या आईला सांगितलं, काही खायला-प्यायला देऊ नका, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या. दोन तासांत तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. सर्वांत छोटा कोर्स, पण आपल्याला काय येत नाही हे ज्या एका व्यक्तीला नीट कळलंय ती तीच. ताई, तुम्ही खाली मान घालू नका. ॲडव्हान्सच्या मुलांनी त्यांच्याकडे बघावं.

आता कामाचं. ज्यांना हे जाचक वाटतंय त्यांनी कार्यालयात जाऊन नाव काढून घ्यावं. उरलेल्या दिवसांची फी परत मिळेल, मी बोलून ठेवलंय. राहणार आहेत त्यांनी हे सगळे केसपेपर पेशंटला समोर बसवून नव्याने भरायचे. प्रत्येक नाडी पूर्ण एक मिनिट, प्रत्येक मधुमेह्याचे दोन्ही पाय, चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव आणि मात्रा पाकिटावरून वाचून. ते माझ्या टेबलावर येईपर्यंत कोणीही टबाला, एनिमाच्या भांड्याला, मालीशच्या टेबलाला हात लावणार नाही. तोवर माती तयार करायची. हाताचं कोपर बुडेल एवढीच वरवरची खणून आणू नका. तीन-चार फूट खोलीची, खत-फवारे न लागलेल्या जागेची माती हवी. ती उन्हात वाळवायची, खडे-मुळं काढून दोनदा चाळायची आणि वापरायच्या आदल्या रात्री भिजत घालायची. सोमवारी सकाळी सातला सगळे मागच्या आवारात. फावडी आणि चाळण्या शेडमध्ये आहेत, आणि ॲडव्हान्सवाल्यांनो, पहिली पाळी तुमची.